अक्कोहून एका दिवसाच्या वाटा

आपल्या समाजाच्या सहली बहुधा ठरलेल्या असतात. येरुशलेमची कोथेलची भिंत, तिबेरियास येथील रब्बी मेईर बाल हनेस यांची कबर, आणि हातपाय दुखणारी वडीलधारी मंडळी बरोबर असली म्हणजे मृत समुद्र. या तिन्ही स्थळांविषयी आमचे काहीही म्हणणे नाही. तेथे जावे, पुन्हा पुन्हा जावे. परंतु एकाच ठिकाणी सात वेळा गेलेल्या मुलांना आठव्या वेळी बसमध्ये झोप लागते, हा तीस वर्षांच्या शिक्षकी पेशातील आमचा अनुभव आहे. म्हणून आम्ही काही मंडळींनी मिळून उत्तरेकडील किनाऱ्यावरच्या अक्को नगरीला केंद्र मानून, सकाळी निघून सायंकाळी परत येता येईल अशा छोट्या सहली सुरू केल्या. गटात पंधरा-सोळा माणसे असतात. निम्मी सत्तरी ओलांडलेली, निम्मी शाळकरी. मधल्या वयाची माणसे कामावर असतात. वडीलधारी मंडळी आम्हांस 'बाई' म्हणतात, मुले 'मोरा' म्हणतात, आणि दोघांमध्ये दुभाष्याचे काम आमच्याकडे येते. आजी मराठीत विचारते, नातू हिब्रूत उत्तर देतो. दोघांनाही एकमेकांचे अर्धेच कळते.

हैफाहून अक्कोस आगगाडीने जाणे सर्वांत सोयीचे. अर्ध्या तासाचा प्रवास आहे, आणि डाव्या हाताला खाडीचे पाणी अधूनमधून दिसत राहते. जुन्या गावाच्या तटावर उभे राहिले की आमच्यातील वृद्धांना हटकून रेवदंडा किंवा जंजिरा आठवतो. तोच खारा वारा, तीच पाण्यात पाय सोडून बसलेली काळी भिंत. पण या गावाचे वय त्या दोघांहून कितीतरी अधिक आहे. शोफेतीम, म्हणजे शास्ते, या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात आशेर वंशाला अक्कोच्या रहिवाशांना घालवून देता आले नाही असा उल्लेख येतो. तालमूदमध्ये रब्बी अब्बा यांच्याविषयी असे सांगितले आहे की ते अक्कोच्या खडकांचे चुंबन घेत असत, कारण पवित्र भूमीचा आरंभ तेथे होतो. रामबाम ११६५ साली याच बंदरात उतरले, आणि रामबान १२६७ साली. आमच्या आईवडिलांच्या पिढीतील बहुतेक जण हैफाच्या धक्क्यावर किंवा लोदच्या विमानतळावर उतरले, आणि उतरल्याबरोबर त्यांच्या हाती कागदपत्रे व वस्तीचा पत्ता देण्यात आला. खडकाचे चुंबन घेण्यास सवड कोणास होती?

क्रूसयुद्ध करणाऱ्यांनी अक्को ११०४ साली जिंकले, ११८७ मध्ये सलाहुद्दीनने घेतले, ११९१ मध्ये ते पुन्हा ख्रिस्ती राजांकडे गेले, आणि १२९१ मध्ये मामलुकांनी ते कायमचे घेऊन उद्ध्वस्त केले. ही सनावळी आम्ही मुलांना पाठ करावयास लावत नाही. खाली जमिनीत गाडले गेलेले शूरवीरांचे दालन आणि वर अठराव्या शतकातील तुर्की गाव, अशा दोन थरांतून चालत गेले म्हणजे सनावळी आपोआप पायांना कळते. टेम्पलर सरदारांचा भुयारी मार्ग तर १९९४ साली गटार तुंबल्याची तक्रार आली म्हणून सापडला. हा तपशील मुलांना फार आवडतो, आणि इतिहास म्हणजे केवळ राजांचे काम नव्हे हे सांगण्यास आम्हांस उपयोगी पडतो. २००१ साली जुन्या अक्कोची नोंद जागतिक वारशाच्या यादीत झाली.

या गावात आमचा सर्वाधिक वेळ जातो तो मात्र जझ्झार पाशाच्या तटाशी. १७९९ च्या मार्चमध्ये नेपोलियनने या तटाला वेढा घातला. दोन महिने तोफा चालल्या, प्लेगने सैनिक मेले, इंग्रजांची जहाजे सिडनी स्मिथच्या हाताखाली समुद्रातून मारा करीत राहिली, आणि मे महिन्यात नेपोलियन माघारी फिरला. त्याची दृष्टी पूर्वेकडे होती. त्याच वर्षाच्या जानेवारीत त्याने कैरोहून म्हैसूरच्या टिपू सुलतानास पत्र धाडले होते. ते वाटेतच इंग्रजांच्या हाती पडले. नेपोलियन अक्कोच्या तटाबाहेर अडकून पडला असतानाच ४ मे रोजी टिपू श्रीरंगपट्टणच्या तटाशी मारला गेला. आता वाचकहो, टिपूचे नाव आपल्या समाजात का घेतले जाते हे आपणांस ठाऊक आहे. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल दिवेकर, इंग्रजांच्या फौजेतील अधिकारी असताना टिपूच्या कैदेत पडले. आपले बेने इस्राएल लोक म्हणजे कुराणात उल्लेख असलेलेच लोक, असे समजून टिपूच्या आईने रदबदली केली व त्यांचे प्राण वाचले, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईत शाअर हाराहामीम, दयेचे द्वार, ही आपली पहिली मशीद बांधली. ज्या राजाने दिवेकरांना सोडले, त्याच्या मदतीस येऊ इच्छिणारा सेनापती या दगडांवर आपटून परत गेला. हे सांगताना आमच्या गटातील एक आजोबा काठी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "म्हणजे आपणही या गोष्टीत कुठेतरी आहोत तर!" कुठेतरी खरेच.

तटाच्या आत नेपोलियनला दाद न देण्यात ज्यांचा मोठा हात होता ते हाईम फर्ही हे दमास्कसच्या यहुदी घराण्यातील, पाशाचे सल्लागार व खजिनदार. याच पाशाने कधीकाळी रागाच्या भरात त्यांचा एक डोळा काढविला होता आणि नाक कापविले होते. तरी ते चाकरीत राहिले. पुढे १८२० साली अब्दुल्ला पाशाच्या आज्ञेने त्यांना ठार मारण्यात आले. ज्या अब्दुल्लाला त्यांनी गादीवर येण्यास साहाय्य केले होते, त्यानेच ही आज्ञा दिली. तेरा वर्षांच्या एका मुलाने विचारले, "मोरा, ते पळून का गेले नाहीत?" आमच्याकडे तयार उत्तर नव्हते. परसत्तेच्या छत्राखाली जगलेल्या लहान समाजाला कोठे पळावयाचे हा प्रश्न नेहमीच असतो, एवढेच आम्ही म्हणालो. मुलाचे त्याने समाधान झाले नाही, आणि ते होऊ नये असेच आम्हांस वाटले. आम्हां कोकणातील माणसांना अशी कथा आपल्या घरची म्हणून सांगता येत नाही. नाक-डोळे गमावण्याची पाळी आपल्यावर कोणी आणली नाही. हे भाग्य मुलांना कसे समजावून द्यावे, हे अध्यापनशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात आम्हांस शिकविले गेले नाही.

नव्या अक्कोतील ट्युनिशियन यहुद्यांचे सिनेगॉग चुकवू नये. भिंती, जमीन, छत, सर्व ठिकाणी या देशातील रंगीत दगडांचे बारीक तुकडे जडवून चित्रे केली आहेत, आणि हे काम वर्षानुवर्षे चालत आले. आमच्यातील काहींना ते फार भडक वाटले. आम्हांस त्यांचा हेवा वाटला. त्या समाजाने आपल्या आठवणी भिंतीत बसविल्या. आपण आपल्या आठवणी बहुतांशी स्वयंपाकघरात ठेवल्या आहेत, आणि स्वयंपाकघर पिढीबरोबर बदलते.

उत्तरेकडच्या रस्त्याने निघाले की थोड्याच अंतरावर जलवाहिनीच्या कमानी लागतात. काब्रीच्या झऱ्यांचे पाणी अक्कोस आणण्यासाठी जझ्झारने बांधलेली वाहिनी वेढ्याच्या वेळी मोडली, आणि त्याच्यानंतर आलेल्या सुलेमान पाशाने १८१५ च्या सुमारास ती नव्याने उभारली. या कमानींच्या सावलीत डबे उघडण्यास उत्तम जागा आहे. (पोळी-भाजी कोरडीच आणावी. एकदा रस्सा सांडून आमच्या पिशवीतील सर्व नकाशे पिवळे झाले.) कमानींना लागूनच लोहामेई हागेताओत हा किब्बुत्झ आहे. युरोपातील घेटोंमधून लढून वाचलेल्या माणसांनी तो १९४९ साली वसविला, आणि त्यांचे संग्रहालय तेथेच आहे. १९९५ पासून मुलांसाठी वेगळा विभाग आहे. तेथे आमच्या समाजातील पालक दोन प्रकारचे आढळतात. काही म्हणतात, "ही आपल्यावर आलेली आपत्ती नव्हे, मुलांना कशाला घाबरवावे?" काही म्हणतात, "वर्गातील इतर सर्व मुलांच्या आजीआजोबांची गोष्ट आहे, आपल्या मुलाने मागे राहू नये." आमचे मत दुसऱ्या बाजूचे आहे, परंतु कारण वेगळे. मागे राहण्याचा प्रश्न नाही. शेजाऱ्याच्या घरी मयत झाले असता आपण उंबऱ्यात जाऊन बसतो, तसे बसावे.

आणखी वर अखझीवचा किनारा. फिनिशियन काळापासूनचे बंदर, आणि १९४८ पर्यंत तेथे अझ-झीब नावाचे कोळ्यांचे व शेतकऱ्यांचे अरब गाव होते. मे १९४८ च्या लढाईत ते पडले व रिकामे झाले. आज तेथे राष्ट्रीय उद्यान आहे. हिरवळ आहे, खडकांनी अडविलेले पाण्याचे नैसर्गिक डोह आहेत, आणि गावातील मशीद व मुखत्याराचे घर उभे आहे. जवळच १९४६ च्या जूनमध्ये पूल उडविताना मारल्या गेलेल्या चौदा पालमाख सैनिकांचे स्मारक आहे. येथे आमच्या गटात मतभेद झाला. एका गृहस्थांचे म्हणणे असे की स्मारकाविषयी सांगावे, गावाविषयी सांगू नये, कारण मुले गोंधळतात. आम्ही दोन्हींविषयी सांगितले. आमचे बालपण कोळीवाड्याशेजारी गेले. जाळी वाळत घालण्याच्या जागा, होडी ओढण्याच्या वाटा, हे ओळखू येते, आणि ओळखू आल्यावर न बोलणे आमच्या स्वभावात नाही. गृहस्थ परतीच्या वाटेवर आमच्याशी बोलले नाहीत. पुढच्या सहलीस मात्र ते आले.

रोश हनिक्रा ही शुभ्र खडूच्या कड्यातील समुद्रगुहा, १९६८ पासून तेथे पाळण्याची सोय आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेने हैफा-बैरूत-त्रिपोली असा लोहमार्ग याच कड्यातून बोगदे खणून नेला होता. १९४८ साली तेथील पूल उडविण्यात आला व तेव्हापासून गाडी गेली नाही. हे स्थळ अगदी लेबनॉनच्या सीमेवर आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीमेवरील वस्त्या रिकाम्या कराव्या लागल्या, आणि त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ आमच्या उत्तरेकडील सहली बंदच होत्या. निघण्यापूर्वी चौकशी करावी, एवढेच येथे लिहितो.

आता बेथ शेआरीमविषयी, ज्यासाठी खरे तर हा लेख लिहावयास घेतला.

अक्कोहून दक्षिणेस, किर्यात तिवोनजवळच्या टेकडीत ही मृतांची नगरी आहे. मिश्नाचे संकलन करणारे रब्बी येहूदा हनासी येथे राहिले, आणि सिप्पोरी येथे मृत्यू आल्यावर त्यांना येथेच आणून पुरण्यात आले. त्यामुळे दूरदूरच्या यहुद्यांना आपलीही माती याच टेकडीत पडावी असे वाटू लागले. १९३६ पासून उत्खनन झाले, आणि २०१५ साली जागतिक वारशात नोंद झाली. खडकात कोरलेल्या गुहांची दारे दगडी आहेत, लाकडी दारावर असावेत तसे खिळे व पट्ट्या त्यांवर कोरल्या आहेत. आत थंडी असते. वृद्धांनी शाल आणावी. शवपेट्यांवर सिंह, गरुड आणि मुखवट्यांसारखे चेहरे आहेत. मूर्ती करू नये ही आज्ञा मुलांनी त्याच आठवड्यात शिकलेली असल्याने ती एकमेकांकडे पाहू लागली. भिंतीवर ठिकठिकाणी सात शाखांची मेनोरा आहे.

सर्वांत मोठे आश्चर्य लेखांचे. तेथे सापडलेल्या तीनशेच्या आसपास लेखांत बहुसंख्य ग्रीक भाषेतील आहेत. हिब्रू थोडे. कोणी पाल्मायराचा, कोणी बैरूतचा, कोणी सीदोनचा, कोणी थेट दक्षिण अरबस्तानातील हिम्यारचा. नावापुढे गावाचे नाव. आमच्यासमोर किहीमकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर उभे होते. त्यांना समजावून सांगण्याची आवश्यकता पडली नाही.

गटातील सर्वांत वडील बाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. सर्वजण त्यांना मावशी म्हणतात. १९६० च्या दशकाच्या आरंभी आपल्या समाजातील विवाहांविषयी शंका काढण्यात आली, तेव्हा त्या विशीच्या आत होत्या. त्यांच्या थोरल्या बहिणीचे लग्न ठरले होते. विवाहनोंदणीच्या एका कचेरीत तिच्याकडे आईचा, आईच्या आईचा व तिच्याही आईचा यहुदीपणा सिद्ध करणारे दाखले मागण्यात आले. खांदेरी-उंदेरीच्या समोर जन्मलेल्या पणजीचा दाखला कोण देणार? लग्न लांबले. मग समाजाने धरणे धरले, आणि १९६४ साली बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत असे क्नेसेटने जाहीर केले. बहिणीचे लग्न त्यानंतर झाले, पण दुसऱ्या मुलाशी. पहिल्याच्या घरच्यांना धीर निघाला नव्हता.

मावशींनी ग्रीक अक्षरांवर बोट न टेकविता हवेतच बोट फिरविले. हिब्रू येथे किती कमी आहे हे त्यांनी दोनदा विचारून घेतले. मग सिंहाच्या पेटीकडे पाहून म्हणाल्या, "बाई, ह्या मंडळींकडे कुणी दाखले मागितले नव्हते का हो?"

आम्ही हे वाक्य मुलांसाठी हिब्रूत केले. कोणी हसले नाही. एका मुलीने मावशींचा हात धरला आणि बाहेर येईपर्यंत सोडला नाही.

बाहेर टेकडीवर ऑलिव्हचे तेल गाळण्याच्या जुन्या घाण्याचे अवशेष आहेत. शनिवार तेल्यांचे वंशज आपण, मावशींना तो लगेच उमगला. त्यांनी खाली बसून मुलांना कोकणातील घाणा, बैल आणि शुक्रवारी सायंकाळी बंद होणारे काम यांचे वर्णन केले. भाषांतर आम्ही निम्म्यावर सोडून दिले, कारण मुले हातवाऱ्यांवरून समजून घेत होती.

त्या दिवसापासून आम्ही मुलांना एक काम दिले आहे. आपल्या घराण्यातील जुन्या थडग्यांवरील लेख उतरवून आणणे. नवगावच्या, मुंबईच्या, पेणच्या आणि येथील पहिल्या काळातील कित्येक थडग्यांवर हिब्रूबरोबर मराठी आहे, देवनागरीत. ती अक्षरे वाचू शकणारी मुले आमच्या गटात दोन आहेत. ग्रीक थडग्यांचे वाचन करण्यास विद्यापीठातील पंडित आले. आपल्या थडग्यांसाठी निदान नातवंडे यावीत असे आम्हांस वाटते, आणि त्यासाठी दर सहलीत डबे आटोपल्यावर वीस मिनिटे अक्षरे शिकवितो. 'आ' ला काना का, हे एका मुलाने विचारले, तेव्हा आजोबा मंडळींत उत्तराविषयी जोराचा वाद झाला. मुलाने तोवर काना गिरविला.

शेवटची वाट हैफाची. कार्मेल डोंगराच्या पायथ्याशी, समुद्राकडे तोंड केलेली एलियाहू हन्नाबीची गुहा. भिंतींवर जुने ग्रीक लेख आहेत, स्त्रीपुरुषांच्या बाजू वेगळ्या आहेत. यहुदी, ख्रिस्ती, मुसलमान आणि द्रूझ असे सर्वच तिला मानतात. मुसलमान येथे अल्-खिद्रचे नाव घेतात. आपल्याकडे अलिबागजवळील खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाच्या चाकांच्या व घोड्यांच्या टापांच्या खुणा आहेत असे आपण मानतो, आणि नवस फेडावयास तेथे जातो. येथून तो स्वर्गात गेला की तेथून, असा वाद मुले घालतात. आम्ही त्यात पडत नाही. आम्ही बाहेर समुद्राच्या बाजूला कापड अंथरून मलिद्याचे ताट मांडले. भिजविलेले पोहे, खोबरे, साखर, वेलदोडा आणि पाच फळे. मावशींनी एलियाहू हन्नाबीचे गीत धरले. शेजारी बसलेल्या एका अरब कुटुंबातील आजीने विचारले की हे काय. मावशींना अरबी येत नव्हते, आजीला मराठी. मावशींनी वाटी पुढे केली, आजीने खाल्ले, आणि वेलदोड्याच्या वासाला मान हलविली.

त्याच शहरात, याफो रस्त्यावर, भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर व म्हैसूरच्या घोडेस्वारांनी हैफा तुर्कांकडून घेतले, आणि दरवर्षी त्या दिवशी भारतीय वकिलातीतर्फे तेथे मानवंदना दिली जाते. वेळ उरल्यास अवश्य जावे. आमचा वेळ उरला नाही. मलिद्याला वेळ लागतो.

पुढील सहल सुक्कोथच्या मधल्या दिवसांत बेथ शेआरीमलाच पुन्हा जाईल, कारण मागील खेपेस बसमध्ये जागा नसल्याने सहा जणांना थांबावे लागले. नावे मंडळाच्या चिटणिसांकडे द्यावीत. कोरडा डबा, पाणी व शाल आणावी. घराण्यातील कोणाच्या थडग्यावरील लेखाचे छायाचित्र असल्यास ते आणावे. अक्षरे पुसट असली तरी चालतील.